कावून पायजे?

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाईंना साहेबांचं भलतंच कौतुक होतं. कौतुक नव्हतं. त्यांच्या खोलीकडं जायचं म्हटलं की माझ्या कपाळावर आपोआप आठी चढायची.

चौसाळ्याच्या अलीकडं हायवेला लागून आमच्या दूध संघाचं ऑफिस. गावोगावच्या संकलन केंद्रांवरची मशीनं, दूध थंड करायचा प्लांट, हिशोब, सभासदांची नोंद, सगळं एका सर्व्हरला जोडलेलं. कुणाला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं आणि कुणाला यातलं काहीच करता येऊ नये, हे ठरवणारा माणूस म्हणजे हे. पदाचं नाव भलं मोठं इंग्रजी होतं. ऑफिसात कुणी ते घेत नसे. सगळे त्यांना कावूनसाहेब म्हणत, तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं.

कारण असं, की तुम्ही जाऊन म्हणा, "साहेब, जरा ते दराचं फोल्डर उघडून द्या." ते चष्म्याच्या वरून बघणार आणि विचारणार, "कावून पायजे?"

कारण सांगितलं की दुसरा प्रश्न, "किती दिस?" तेही सांगितलं की, "सांजच्याला काढून घेईन." आणि खरंच काढून घ्यायचे. परमिशन ही उसनी आणलेली वस्तू आहे, काम झालं की परत गेली पाहिजे, असा त्यांचा हिशोब. परमिशन मागायला आलेल्या माणसाच्या हातचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पेढे घेऊन गेलात तर प्रकरण आणखी बिघडायचं.

माझी हिशोबातून शेअर विभागात बदली झाली, तेव्हाची गोष्ट. शेअर विभाग म्हणजे सभासदांच्या नोंदी. मी अजून नव्या टेबलावर बसलेही नव्हते, माझा डबा हिशोबातल्या कपाटातच होता, आणि तोवर यांनी माझे हिशोबातले सगळे हक्क काढून टाकले. मी तणतणत गेले.

"साहेब, इतकी वर्षं तिथं काम केलंय मी. माझ्यावर भरोसा न्हाई का?"

"लई हाय."

"मग काढलं कावून?"

"आता तिथलं काम करायलात का तुमी?"

"न्हाई, पण..."

"मग झालं की. उद्या तिथं काही कमीजास्त झालं तर तुमचं नाव कुणाला घेता येऊ नये, म्हून काढलं."

मला ते पटलं नाही. अपमान झाला एवढंच डोक्यात राहिलं, आणि पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

आमच्याकडं पासवर्ड लपवणं म्हणजे शिष्टपणा. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला जसं कुणी नाही म्हणत नाही, तसा इथं पासवर्ड दिला जायचा. रजेवर गेलेला माणूस फोनवरून ओरडून सांगायचा, "माझ्या नावानं उघडा अन् काढा प्रिंट!" काहींनी तर तो कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला. ज्यानं सांगितला नाही तो भावकीतून उठल्यासारखा. अशा ऑफिसात हे गृहस्थ आले आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांचे कागद फाडून टाकले. पुढं त्यांनी आणखी एक खोड काढली. स्क्रीन उघडी ठेवून कुणी पाणी प्यायला जरी उठलं, तरी हे त्या खुर्चीत बसून त्याच्या नावानं सगळ्या ऑफिसला निरोप धाडायचे, "आज माझ्याकडून सगळ्यांना भजे." नुसता निरोप नाही, हायवेच्या हॉटेलात खरोखर सांगून यायचे. गरम भज्यांची परात दारात आली की नाही म्हणायची सोय नसे. मी दोनदा सापडले. दुसऱ्या खेपेला परातीत जिलबीही होती.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक पांढरी टोपी असायची, घडी घातलेली. सर्व्हरवर काहीही बदलू शकणारं खातं उघडायचं असलं की आधी टोपी घालायचे, मग पासवर्ड टाकायचे. काम झालं की खातं बंद आणि टोपी ड्रॉवरमध्ये. बाकी दिवसभर ते आमच्यासारखेच साधे युजर. टोपी डोक्यावर असताना कुणी बोललेलं खपायचं नाही. एकदा चिडवायला म्हणून मी म्हटलं, "साहेब, दिवसभर घालत जा की, शोभती तुमाला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दिवसभर घातली की ती आपलीच वाटायला लागती, ताई."

संक्रांतीला एकदा मी त्यांच्या घरी गेलते, त्यांच्या बायकोच्या हळदीकुंकवाला. बायको चेअरमनसाहेबांच्या संस्थेच्या शाळेत शिक्षिका, अजून कायम न झालेली. बाहेरच्या खोलीत खाटेवर वडील, अर्धं अंग गेलेले. पुण्यातली नोकरी सोडून हे गावाकडं का आले, ते तेव्हा कळलं. वडिलांना भरवायला बसले होते. चमचा पुढं करायचे, म्हातारा मान हलवायचा, हे थांबायचे, पुन्हा पुढं करायचे. ऑफिसात कुणाला दोन वाक्यं नीट न बोलणारा माणूस तिथं बसून बापाला प्लांटमधल्या गमती सांगत होता. बायको मला म्हणाली, "घरात सगळं उलटं हाय ताई. साखरेचा डबा कुठं हाय ते सुदिक मला इचारत्यात." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस आपल्याला वाटतो तेवढा कोरडा नसावा.

चेअरमनसाहेबांना मात्र त्यांनी फार गोड फसवलं होतं. फसवलं हा शब्द माझा. नवा सर्व्हर आला तेव्हा दसरा होता. सर्व्हरच्या कपाटाची पूजा झाली, हळदीकुंकू दाराला लागलं, आत एक कण जाऊ दिला नाही यांनी. नारळ फोडून झाल्यावर चेअरमनसाहेबांनी चारचौघांत विचारलं, "साहेब, ह्यात सगळ्यात वरचा हक्क कुणाचा?" आमच्याकडं मान कुणाचा हे आधी ठरतं, कामाचं नंतर बघतात. हे म्हणाले, "तुमचाच की." आणि त्यांच्यासाठी वेगळा गट केला, नाव दिलं 'सर्वोच्च'. त्या गटात एकटे चेअरमनसाहेब. त्यांच्या स्क्रीनवर संघाचं पान न् पान दिसायचं. पाहुणे आले की ते उघडून दाखवायचे आणि खूश व्हायचे. त्या गटाला बघण्यापलीकडं काहीही करता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी काही करून बघितलंच नव्हतं.

त्याच दिवशी यांनी आणखी एक गोष्ट करून घेतली. "उद्या मी ट्रकखाली आलो तर सर्व्हर कोण उघडणार?" असं म्हणून एक अडीनडीचं खातं काढलं, आणि त्याचा पासवर्ड दोघांत वाटला. अर्धा चेअरमनसाहेबांचा, अर्धा व्हाइस चेअरमनचा. हे दोघं आधीच्या निवडणुकीपासून एकमेकांच्या टेबलावर चहा पीत नव्हते. एकानं टाइप करताना दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. सगळं ऑफिस ती गंमत बघायला दारात उभं होतं, मीही होते. त्यानंतर ते खातं कुणी उघडलं नाही.

आता निवडणुकीचं सांगते. संघाचा सभासद नेमानं दूध घालत नसेल तर तो अक्रियाशील ठरतो, आणि अक्रियाशील सभासदाला मत नाही. वाड्यावस्त्यांवरची आमची बरीच माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. म्हैस भावकीत ठेवून जातात, दूध भावाच्या नावानं येतं. त्यासाठी ते निघायच्या आधी माझ्याकडं अर्ज देऊन जातात आणि त्यांची नोंद क्रियाशील राहते. पण अर्ज न बघता नुसतं दूध बघितलं, तर ही सगळी माणसं अक्रियाशील दिसतात. आणि ती तिकडं उसाच्या फडावर असल्यामुळं हरकत घ्यायला इथं कुणीच नसतं. या वस्त्यांची मतं व्हाइस चेअरमनच्या बाजूची, असा सगळ्यांचा समज होता.

मतदारांची यादी पक्की व्हायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. निवडणूक अधिकाऱ्याला हातानं लिहिलेला कागद चालत नव्हता, बदल आमच्या प्रोग्राममधून गेला तरच तो धरायचा. आणि हरकतींची मुदत संपल्यामुळं माझ्या विभागाकडूनही आता बदल होत नव्हता. फक्त टोपीवाल्या खात्यातून होत होता.

जेवणाची सुट्टी संपतच होती, तेव्हा शिपाई आला. "ताई, तुमाला अन् कावूनसाहेबांना, दोघांनाबी चेअरमनसाहेबांनी आत बोलावलंय."

केबिनमध्ये चेअरमनसाहेब, दोन संचालक आणि चेअरमनच्या खुर्चीत बसलेला त्यांचा पुतण्या. तो एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि स्क्रीनवर पुन्हा पुन्हा तीच ओळ येत होती: हा बदल करण्याची आपणास परवानगी नाही.

"बसा साहेब. ताई, तुमीबी बसा," चेअरमनसाहेब म्हणाले. "आमाला तुमी सगळ्यात वर बसवलं म्हणला हुतात. मग ह्ये काय म्हणायलंय?"

"तुमाला समदं दिसतं, साहेब."

"दिसतं. हालत न्हाई."

"हालवायचं काम तुमचं न्हाई, साहेब."

पुतण्या खुर्चीतून अर्धा उठला. "काका, इतकी सालं ह्यानं येड्यात काढलंय तुमाला! पाव्हण्यारावळ्यांना दाखवत हुता न्हवं तुमी!"

चेअरमनसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "इचारा की. कावून पायजे, आसं इचारायची सवय हाय न्हवं तुमाला?"

"इचारतो. कावून पायजे?"

एक संचालक चक्क खाली बघायला लागला. चेअरमनसाहेब म्हणाले, "ही वस्तीवरली माणसं दूध घालत न्हाईत. नियमानं अक्रियाशील. आपण नियमच पाळायलोत."

"दूध येतंय, साहेब. भावाच्या नावानं येतंय. त्येंचे अर्ज ताईंकडं हायेत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "हायेत. माझ्या सहीनं घेतलेत."

"बरं. ताई, तुमचं काम झालं. तुमी जावा."

मी उठायला लागले, तर हे म्हणाले, "ताईंना बसू द्या साहेब. साक्षीला कुणीतरी पायजे." मी पुन्हा बसले.

चहा आला. कुणी हात लावला नाही. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "वडील कसे हायेत?"

"हायेत."

"त्या दिवशी आपली गाडी नसती तर?"

"तर गेले असते. मी इसरलो न्हाई, साहेब. जलमभर इसरणार न्हाई."

"अन् वहिनी? आपल्याच शाळेत हायेत. औंदा कायम करायचं चाललंय त्येंचं." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमाला काहीच करायचं न्हाई. खातं उघडून द्या अन् घरी जावा. बाकी पुतण्या बघून घेईल. तुमचं नाव कुठं येणार न्हाई."

मला खाटेवरचा तो म्हातारा दिसायला लागला, पुढं केलेला चमचा दिसायला लागला. द्या म्हणावं का? मला खरंच वाटलं, द्यावं यांनी. कुणासाठी एवढं ताणायचं? ज्यांच्यासाठी हे चाललंय ते कुठं तरी फडात मोळ्या बांधत असतील, त्यांना याचा पत्तासुद्धा नाही.

"माझ्या टेबलावरनं करावं लागंल," हे म्हणाले आणि उठले.

आम्ही सगळे त्यांच्या खोलीत आलो. पुतण्या अगदी त्यांच्या पाठीला चिकटून. यांनी ड्रॉवर उघडला, टोपी काढली, घडी झटकली आणि डोक्यावर घातली. दिलं, म्हटलं. हरला माणूस. चेअरमनसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि पुतण्यानं खुर्ची जवळ ओढली.

त्यांनी पासवर्ड टाकला. एक खिडकी उघडली. पूर्ण हक्क असलेल्यांची नावं होती ती. अडीनडीचं एक खातं आणि माणसाचं म्हणून एकच नाव, त्यांचं स्वतःचं. त्यांनी ते नाव निवडलं. मशीननं विचारलं, नक्की काढायचं का?

ते चेअरमनसाहेबांकडं वळले. "साहेब, मी समद्यांना इचारत आलो, कावून पायजे. आज सोताला इचारलं. ह्यो हक्क मला आता कावून पायजे? तुमच्यासाठी वापरायला का? मला तर दुसरं काई कारण घावंना."

आणि बटण दाबलं. टोपी काढली, नीट घडी केली. खातं बंद करून आपल्या साध्या नावानं आत आले, सभासदांची यादी उघडली आणि एका नावापुढं बदल करायचा प्रयत्न केला. तीच ओळ आली. त्यांनी स्क्रीन सगळ्यांकडं फिरवली.

"आता मीबी तुमच्यासारखाच. द्यायला माझ्यापाशी काईच न्हाई."

पुतण्यानं त्यांची गचांडी धरली. "परत लाव बे! लाव म्हणतो ना!"

"लावायला परमिशन लागती," हे म्हणाले. आवाज फाटला होता त्यांचा. ते काही शूर वगैरे दिसत नव्हते, घाबरलेले दिसत होते, हे मुद्दाम सांगते.

"सोड त्याला," चेअरमनसाहेब म्हणाले. "मग आता उघडणार कोण?"

"तुमी अन् व्हाइस चेअरमन. शेजारी बसून आपला आपला अर्धा पासवर्ड टाकायचा."

मग चेअरमनसाहेबांनी पुतण्याला अगदी हळू विचारलं, "माझा अर्धा काय हुता रे?"

पुतण्याला तरी काय ठाऊक असणार! मला भीतीनं की कशानं, हसू फुटायला लागलं. मी तोंडाला पदर लावला आणि बाहेर पळाले.

चेअरमनसाहेबांनी पुण्याचा एक माणूस फोनवर गाठला. तो म्हणाला, सगळं खोलून नव्यानं बसवायला वेळ लागेल. व्हाइस चेअरमनला तर विचारायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी यादी होती तशी पक्की झाली. त्याच संध्याकाळी यांना कामावरून कमी केल्याचा कागद मिळाला. पुढच्या जूनमध्ये बायकोलाही शाळेनं घेतलं नाही. पुतण्या आता त्यांच्या खुर्चीत बसतो, आणि ऑफिसात कुणीही काहीही उघडतं. कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून सगळे खूश आहेत. निकालाचंही सांगून टाकते. चेअरमनसाहेबच निवडून आले, चांगल्या फरकानं.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर नावं शोधून द्यायच्या टेबलावर होते. दुपारी फडावरून टेंपो आले. टेंपो चेअरमनसाहेबांनीच धाडले होते. पुसता येत नसेल तर मत आपल्याकडं ओढायचं, एवढं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माणसं उतरली, पाचटानं हात कापलेली, अंगावरची धूळही न झटकलेली. एक बाई माझ्यासमोर आली. तिचं नाव मी ओळखलं. पुसायच्या नावांत ते होतं. मी चिठ्ठी दिली, ती आत गेली, आणि बाहेर येऊन मी न विचारताच म्हणाली, "चेअरमनलाच दिलं बया. त्येनीच गाडी धाडली न्हवं."

रस्त्याच्या पलीकडं, हद्दीच्या बाहेर, हे मोटारसायकलला टेकून उभे होते. मी उन्हातून तरातरा त्यांच्याकडं गेले. राग आवरेना मला.

"ऐकलंत का? जिच्यासाठी तुमी घरदार पणाला लावलं, ती चेअरमनला मत देऊन आली!"

ते म्हणाले, "नाव लगीच घावलं का तिचं?"

"घावलं."

"आत कुणी आडवलं?"

"न्हाई. पण साहेब, तिनं..."

"कुणाला दिलं ते तिचं हाय, ताई. तुमी मला ते सांगायला नव्हतं पायजे."

आणि किक मारून ते निघून गेले. वडिलांना भरवायची वेळ झाली असणार. टेबलापाशी माणसं माझी वाट बघत होती, आणि मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं रडले.